नुसतं चाळायला गेलं तर चालतं का?

मागच्या अंकात सांगितलं होतं की यावेळी फक्त पुस्तकांच्या दुकानांबद्दलचे प्रश्न घेऊ, साखळीवाली मोठी शोरूम नाही, आपली नेहमीची, एकेका माणसाने किंवा घराने चालवलेली दुकानं. पत्रं भरपूर आली, मेल आले, दोघातिघांनी व्हॉइस नोट पाठवल्या. सगळी घेता येणार नाहीत. मी अकरा वर्षं पुण्यात अशाच एका छोट्या दुकानात काउंटरला होते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंचं जे माहितीये ते मोकळेपणाने सांगते.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीला जॉब करतो, वय २७. शनिवारी शहरात येतो आणि पुस्तकांच्या दुकानात तास-दीड तास नुसता चाळत बसतो. दहातल्या सहा वेळा काहीच न घेता बाहेर पडतो. आणि खरं सांगायचं तर कधीकधी कव्हरचा फोटो काढतो आणि घरी येऊन ऑनलाइन मागवतो, ७०-८० रुपये वाचतात म्हणून. मागच्या शनिवारी दुकानातल्या काकांनी तीनदा "काय पाहिजे?" विचारलं, मला इतकं ऑकवर्ड झालं की मी निघूनच आलो. मी चुकतोय का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : चाळायला जाता ह्यात काहीही चूक नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. पुस्तकाचं दुकान चाळण्यासाठीच असतं. भाजी घेताना आपण वांगं हातात घेऊन दाबून बघतोच ना, मग दोनशे पानांचं पुस्तक न उघडता कसं घेणार.

आता ते काकांचं "काय पाहिजे". त्याचं असं आहे की पुण्यात अप्पा बळवंत चौकातली कितीतरी दुकानं मुळात काउंटरची. गिऱ्हाईक बाहेर उभं राहणार, पुस्तकाचं नाव सांगणार, आतला मुलगा शिडीवर चढून नेमकं तेच काढून आणणार. जूनमध्ये जाऊन बघा, शाळेची यादी हातात धरून आईबाप तीन-तीन रांगांत उभे असतात, तिथे कोण कुणाला चाळू देणार. ज्यांची उमेद त्या कामात गेली त्यांच्या तोंडून "काय पाहिजे" आपोआप निघतं, त्यात हाकलायचा हेतू नसतो. तुम्ही एवढंच म्हणा, "काही ठरवून नाही आलो काका, जरा बघतो, चालेल ना?" माझ्या अकरा वर्षांत ह्या वाक्याला कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही, उलट हे ऐकलं की दुकानदार मोकळा होतो, आणि पाच मिनिटांनी स्वतःहून एखादं पुस्तक तुमच्यापुढे सरकवतो. चाळायचंच असेल तर मात्र उघड्या कपाटांची दुकानं बरी, बाजीराव रोडवरचं अक्षरधारा आहे, डेक्कनला इंटरनॅशनल बुक सर्व्हिस आहे, तिथे आत शिरून कपाटाशी उभं राहता येतं.

आणि चाळण्यातून काय होतं ते एक उदाहरण देते. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, मुलीचं लग्न ठरलेलं, रुखवताच्या कलाकुसरीचं पुस्तक हवं होतं. त्या कप्प्यात कुणीतरी घाईत महाराष्ट्रातल्या बारवांवरचं पुस्तक कोंबून ठेवलं होतं, जाडजूड, फोटोवालं. त्यांनी ते बाजूला करायला म्हणून काढलं आणि मधलं पान उघडलं, त्यावर एका पायऱ्यांच्या विहिरीचा फोटो. उभ्याउभ्या वाचायला लागल्या. पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, आमच्या माहेरच्या गावात अश्शीच आहे, आम्ही धुणं धुवायला उतरायचो, हिला बारव म्हणतात आणि ती एवढी जुनी असते हे मला आज कळतंय. रुखवताचं पुस्तक राहिलं, त्या बारवा घेऊन गेल्या. त्यांनी मोबाईलवर "बारव" असं कधी टाईप केलं असतं का, तो शब्दच त्यांच्या डोक्यात नव्हता. म्हणून मी चाळण्याच्या बाजूने इतकी ठाम आहे.

पण फोटो काढून ऑनलाइन मागवण्याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि ते तुम्हालाही टोचतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत. हिशोब करून बघा. समजा छापील किंमत ३०० आहे आणि दुकानाला ते पुस्तक २०० ला पडलं. मराठी पुस्तकावर दहा टक्के सूट बरीच दुकानं न मागता देतात, म्हणजे ३० गेले. राहिले ७०. त्यात जागेचं भाडं, लाइट बिल, मुलाचा पगार, आणि वर्षानुवर्षं न विकलेली पुस्तकं, ज्यांचे पैसे अडकलेले असतात. तुम्ही दीड तास ज्या कपाटापुढे उभे होतात ते कपाट ह्या ७० रुपयांवर उभं आहे. तुम्ही निवड दुकानात केलीत, पंखा दुकानाचा, आणि विक्री गेली भलतीकडे. असं रोज दहा जणांनी केलं की एक दिवस शटरवर "जागा भाड्याने देणे आहे" लागतं.

दर वेळी घ्या असं नाही म्हणत. जे पुस्तक तिथे सापडलं ते तिथे घ्या, आज पैसे नसतील तर नाव लिहून ठेवा आणि पगार झाल्यावर या. बाजूला ठेवायला सांगितलं तर ठेवतात, वर तुमच्या नावाची चिठ्ठी रबरबँडमध्ये अडकवून. आणि दोन साध्या गोष्टी, पाठीवरची सॅक काउंटरला द्या कारण वळताना गठ्ठे पडतात, आणि काढलेलं पुस्तक कुठून काढलं ते आठवत नसेल तर अंदाजाने खुपसू नका, काउंटरवर ठेवा. (बारवांचं पुस्तक रुखवतात गेलं ते फळलं, पण चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक बहुतेक वेळा वर्षभर कुणाला सापडत नाही.)

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड, वह्या, कंपासपेटी आणि वरच्या फळीवर पोथ्या. तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक दुकानात रमण्याबद्दल लिहिता ते वाचून हेवा वाटतो. आम्ही कुठे चाळायचं?
— एक शिक्षिका, लातूर जिल्हा

उत्तर : तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याच्यावर गोड उत्तर माझ्याकडे नाही. मराठी पुस्तकांची चांगली दुकानं मोजक्या शहरांत एकवटलीत.

तरी तुमच्या जिल्ह्यात २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला साहित्य संमेलन झालं होतं, ९५ वं, गेला असाल तर आठवत असेल की मुख्य मांडवापेक्षा जास्त झुंबड ग्रंथप्रदर्शनात असते. संमेलनाचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम तेच. एरवी जे प्रकाशक फक्त नावाने माहीत असतात त्यांचे स्टॉल एका रांगेत, तीन दिवस, हात लावून बघा. भाषणं सोडून दिलीत तरी चालेल. डिसेंबरात पुण्याला यायचं जमलं तर फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून.

दुसरं, भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये, स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं, पंचवीस ठिकाणी, म्हणजे लोकांच्या राहत्या घरांत, शाळेत, देवळात पुस्तकं ठेवली, सुरुवातीलाच पंधरा हजारांच्या आसपास. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय ह्या गावावरून घेतलेली. फरक एवढाच की तिकडे ती जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि भिलारला पुस्तकं विकायची नाहीत, कुणाच्या तरी पडवीत बसून वाचायची. मुलांची सहल काढा. एका घरात कविता, दुसऱ्या घरात इतिहास, मुलं या घरातून त्या घरात जातात, आणि घरातली आजी विचारते पाणी देऊ का. दुकान नसलं तरी चाळण्याचं सुख आहे.

आणि आणखी एक, हे तुम्हाला एकटीला करता येईल. त्याच गाईडच्या दुकानदाराला भेटा. त्याच्याकडे जागा आहे, रोजची गिऱ्हाइकं आहेत, जून संपला की धंदा मंद असतो. त्याला म्हणा एक फळी द्या, वीस पुस्तकं ठेवा, आमच्या शाळेतले शिक्षक मिळून महिन्याला चार तरी घेऊ. त्याला भीती असते ती पैसे अडकण्याची, ती तुम्ही घालवली तर तो हो म्हणायची शक्यता बरीच आहे. एक फळी ही सुरुवात म्हणून लहान नाही.

प्रश्न : मुंबईत स्ट्रँड हे पुस्तकांचं दुकान गेल्यापासून फोर्टात जायची इच्छाच मेली. आता काही उरलंय का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : स्ट्रँडचं दुःख मलाही आहे. शानभागांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमात एका छोट्याशा स्टॉलवर सुरुवात केली होती, मग फोर्टात आले, आणि सत्तर वर्षं पुरी होत असताना, २०१८ च्या फेब्रुवारीत दुकान बंद झालं. शेवटच्या दिवसांत मी गेले होते, लोक पुस्तक घेत नव्हते तर कपाटांना हात लावून येत होते असं वाटत होतं.

पण उरलंय काका, खूप उरलंय. सकाळी डोंबिवलीहून निघा, सीएसएमटीला उतरा, चालत फ्लोरा फाउंटन. तिथे किताबखाना आहे, जुन्या दगडी इमारतीत, उंच छत, लाकडी कपाटं. २०२० मध्ये तिथे आग लागली, पुस्तकं जळली, पाण्याने भिजली, आणि २०२१ मध्ये त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. मला त्या गोष्टीचं फार अप्रूप आहे. फोर्टातच पीपल्स बुक हाउस आहे, तिथे चळवळीची, इतिहासाची, मराठी पुस्तकं मिळतात. बाहेर फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकवाले असतात, त्यांच्याशी गप्पा मारा, त्यांना पुस्तकांचं जे कळतं ते भल्याभल्यांना कळत नाही. फक्त एक, फुटपाथवर नव्या गाजलेल्या पुस्तकाची कोरी प्रत अर्ध्याहून कमी किमतीत दिसली तर आत बघा, अक्षरं पुसट, कागद पांढराफटक, पानं किंचित तिरकी कापलेली असतील तर ती चोरटी छपाई आहे, लेखकाला त्यातला एक पैसा जात नाही, ती नका घेऊ.

परत जाताना दादरला उतरा. पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत आयडियल. जागा चिंचोळी, गर्दी भरपूर, पण मराठीतलं नवं काय आलंय ते तिथे पाच मिनिटांत कळतं. मग वडापाव खा आणि गाडी पकडा, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत.

प्रश्न : सीताबर्डीला फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायचा मला नाद आहे. मागच्या महिन्यात एक जुनं प्रवासवर्णन साठ रुपयांत घेतलं, घरी आल्यावर कळलं मधली सोळा पानंच नाहीत. जुनं पुस्तक घेताना काय बघायचं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नेमकी सोळा पानं गेली ह्याला कारण आहे. पुस्तक एकेक पान सुटं छापत नाहीत, मोठ्या कागदावर बऱ्याचदा सोळा पानं एकत्र छापतात, त्याची घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. बाइंडरच्या हातून एक फर्मा सुटला किंवा दोरा तुटून गळून पडला की सोळा पानं एकदम जातात.

तर पुस्तक हातात घेतलंत की आधी कणा बघा, म्हणजे पाठ. मग खालच्या बाजूने पानांच्या कडा बघा, शिवलेले फर्मे वेगवेगळ्या जुडीसारखे दिसतात, कुठे फट दिसते का. मग १, १७, ३३, ४९ ही पानं उघडून बघा. जुन्या खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या पुस्तकांत ह्या पानांच्या तळाशी कोपऱ्यात बारीक आकडा दिसेल, २, ३, ४ असा, तो पानाचा नंबर नाही, फर्म्याचा नंबर आहे, बाइंडरने क्रम चुकू नये म्हणून टाकलेला. ते आकडे ओळीने लागले तर निम्मी काळजी मिटली. पहिल्यांदा हे मला आमच्या दुकानाच्या मालकांनी दाखवलं तेव्हा मी घरची सगळी जुनी पुस्तकं काढून बसले होते.

साल शोधायचं तर मुद्रक-प्रकाशकाचं पान बघा. नुसतं शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा, शके १८७० म्हणजे १९४८. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी नवे पैसे आले. वाचनालयाचा शिक्का असेल तर "रद्द" किंवा "बाद" असं काही लिहिलंय का ते बघा, नसेल तर विचारा कुठून आलं.

आणि बारीक भोकं दिसली, कड कुरतडलेली दिसली तर घरी आणून एकदम कपाटात ठेवू नका. आठ-दहा दिवस वेगळं ठेवा, सावलीत, हवेशीर, मधूनमधून झटका. कडक उन्हात नको, जुना कागद तडकतो. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा, आमच्या आईची पद्धत, मी अजून तेच करते.

पानं नसलेलं पुस्तक फेकू नका हं. ज्याच्याकडून घेतलंत त्याला सांगून ठेवा, त्याच पुस्तकाची दुसरी मोडकी प्रत कधीतरी येते.

प्रश्न : आम्ही डिसेंबरात दहा दिवस पुण्यात येतोय. मुलगी नऊ वर्षांची, मराठी बोलते पण अडखळत वाचते. तिच्यासाठी पुस्तकं आधीच यादी करून मागवून ठेवू की दुकानात नेऊ?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : दुकानात न्या. यादी घरीच ठेवा.

कामाच्या दिवशी सकाळी न्या, गर्दी नसते. मुलांच्या कप्प्यापाशी तिला जमिनीवर बसू दे. ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची पुस्तकं बघू दे, नॅशनल बुक ट्रस्टची पातळ चित्रांची पुस्तकं बघू दे, स्वस्त असतात आणि बॅगेत वजनही होत नाही. तिने चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक उचललं तर "हे तुझ्यासाठी फार बेबी आहे" असं म्हणू नका, मोठं अक्षर आणि एका पानावर दोन ओळी, तिला आत्ता तेच झेपतंय आणि ते तिचं तिला बरोबर कळलंय. आणि कृपा करून दुकानात सगळ्यांसमोर "वाच बघू हे" नको. आमच्याकडे अशी बाहेरून आलेली मुलं यायची, आईने वाचायला सांगितलं की पुस्तक मिटायची आणि जे मिटलं ते मिटलंच. एक मुलगा मात्र आजोबांबरोबर यायचा, आजोबा स्वतःचं काहीतरी चाळत लांब उभे राहायचे, तो एका म्हशीच्या गोष्टीत बोट ठेवून पुटपुटत होता, "म्ह... म्ह..." आणि मग जोरात "म्हैस!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. ते पुस्तक त्याने छातीशी धरून काउंटरला आणलं, पिशवी नको म्हणाला.

पैसे तिच्या हातून द्या. नोटा मोजून.

प्रश्न : माझे बाबा ७८ वर्षांचे. नोकरीत असताना दर शनिवारी संध्याकाळी एका ठरलेल्या दुकानात जायचे. ते दुकान आता बंद झालं, तिथे मोबाईलचं दुकान आहे. दुसऱ्या दुकानात नेते म्हटलं तर म्हणतात नको, गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, आणि तिथे मला कोण ओळखतंय. मी त्यांना हवी ती पुस्तकं घरपोच मागवून देते, तर पाकीट फोडतातसुद्धा नाहीत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पाकीट फोडत नाहीत कारण त्यांना पुस्तक कमी पडत नाहीये. त्यांना ती शनिवारची संध्याकाळ हवीये, कुणीतरी "या, बऱ्याच दिवसांनी" म्हणणारं.

आमच्याकडेही असे दोन-तीन जण यायचे. एक गृहस्थ तर महिना-महिना काही घ्यायचे नाहीत, फक्त नवीन आलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला मला मदत करायचे, आणि वरचं पहिलं पुस्तक उघडून नाकाशी धरायचे. त्यांनी एखादं पुस्तक चांगलं आहे म्हटलं की मी ते पुढे मांडायची, आणि ते खपायचं. त्यांच्यामुळे दुकानाचा फायदाच झाला, हे बाबांना सांगा, असे लोक दुकानाला हवेच असतात.

मग असं करा. आधी तुम्ही एकट्या जा, शक्यतो छोट्या दुकानात, आणि मालकाशी बोला. सांगा, बाबा येतील, त्यांना अमुक विषय आवडतो, त्यांनी ह्या शहरातलं ते जुनं दुकान तीस वर्षं बघितलंय. मालक पुस्तकातला माणूस असेल तर त्याला जुन्या दुकानाच्या आठवणींमध्ये नक्की रस असतो, बऱ्याचदा तो तिथेच कधीतरी गिऱ्हाईक म्हणून उभा राहिलेला असतो. मग बाबांना "चला पुस्तक घ्यायला" असं म्हणू नका. म्हणा, त्या दुकानदाराला जुन्या दुकानाबद्दल काही विचारायचंय, येता का. शनिवारीच न्या. रिक्षा दारापर्यंत न्या.

आणि गेल्यागेल्या त्यांच्यासाठी खुर्ची मागा, संकोच करू नका. प्रत्येक दुकानात एक खुर्ची असते, तिच्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवलेला असतो म्हणून दिसत नाही. गठ्ठा उचलताना बाबांच्याच मांडीवर ठेवा.